बायकांची बाजू, पुरुषांची बाजू

आमच्या अण्णांच्या तोंडी आयुष्यभर एकच वाक्य, "वचन दाखवा." कुणी नव्या स्कूटरला झेंडूची माळ घालून प्रार्थनेसाठी आणली, की अण्णा चर्चच्या फाटकातच आडवे. "बायबलात कुठं लिहिलंय? दाखवा की!" तो बिचारा माळ काढून डिकीत कोंबायचा. नाताळच्या चांदणीवरून तर त्यांनी पाळकसाहेबांचं इतकं डोकं खाल्लं, की त्या वर्षी चांदणी लागलीच नाही. देवाची आज्ञा वेगळी, माणसांनी काढलेल्या रीती वेगळ्या, यात सरमिसळ केलेली त्यांना अजिबात खपायची नाही.

फक्त एका रीतीला ते कधी वचन मागायचे नाहीत. आमच्या चर्चमध्ये बायका डावीकडं बसतात आणि पुरुष उजवीकडं. नवराबायको एका बाकावर? छे! नवं जोडपं चुकून शेजारी बसलं, की अण्णा बोटाच्या इशाऱ्यानं नवऱ्याला उठवायचे. "उपासनेत शिस्त पाहिजे," म्हणायचे. आई घरी भाकरी थापता थापता पुटपुटायची, "शिस्त कसली डोंबलाची! तुमच्या बाजूला दोन पंखे हायत आणि आमच्या बाजूला एक. त्यो बी मनात आलं तर फिरतोय. सगळं शास्त्र त्या पंख्यात हाय." सोलापूरचा मे महिना ज्यानं काढलाय, त्याला हे लगेच पटेल. अण्णा ऐकलंच नाही असं दाखवून शेंगाचटणी मागायचे.

आता अण्णांना विसरायला होतं. आधी चष्मा विसरायचे, मग घराचा रस्ता, आता माणसं. मी त्यांची एकुलती एक लेक, दोन गल्ल्या सोडून राहते, रोज जाते. तर मला कधी नर्सबाई म्हणतात, कधी गॅसवाली. गॅसवाली म्हणाले त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले. पण चर्चमध्ये पेटी वाजायला लागली, की गीताचं एक कडवं चुकत नाहीत. तेवढा वेळ आमचे जुने अण्णा आम्हाला परत मिळतात.

अडचण अशी, की गीत संपलं की ते घाबरतात. शेजारी आई दिसली नाही की उठून बाकांमधून चाचपडत फिरतात. एकदा तर थेट रस्त्यावर गेले, रिक्षावाल्यानं हाताला धरून आणून सोडलं. आई म्हणाली, "मला शेजारी बसू देत नसतील, तर मी त्यांना चर्चला आणायचंच बंद करते. गाडीखाली आले म्हंजे?"

मी तडक चर्चच्या कमिटीतल्या काकांकडं गेले. हे काका अण्णांच्याच हाताखाली तयार झालेले. म्हटलं, "आईला उजवीकडं बसू द्या."

काका गुळमुळीत हसले. "आमाला काय अडचण न्हाय हो ताई. पण रीत तुमच्या अण्णांनीच लावली. आता त्यांच्याच घरानं मोडायची म्हंजे कसं दिसतंय?"

माझं डोकंच फिरलं. "कसं दिसायचं ते दिसू द्या! बायबलातल्या त्या कर्मठ परूशी लोकांना प्रभू येशूनं कशापायी झापलं होतं? आईबापाला सांभाळायचं सोडून रीती सांभाळत बसले म्हणूनच ना? हे तुम्हाला अण्णांनीच शिकवलं."

"व्हय, शिकवलं की," काका म्हणाले. "मीटिंगमध्ये विषय घेऊ."

मीटिंग! म्हणजे झालंच कल्याण.

आईनं मीटिंगची वाट बघितली नाही. त्या रविवारी तिनं डोक्यावर पदर घेतला, अण्णांचा हात धरला आणि सरळ उजवीकडच्या बाकावर त्यांच्या शेजारी जाऊन बसली. कुजबुज सुरू झाली. काका उठले. ते उठले म्हणून मीही उठले, भांडायच्या तयारीनं.

तेवढ्यात अण्णांनीच मान वळवून आईकडं निरखून बघितलं. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळं बोलतात मोठ्यानं. ते सगळ्या चर्चनं ऐकलं.

"बाई, ही पुरुषांची बाजू आहे. बायकांनी तिकडं बसायचं."

बायकोला विसरले होते, रीत तेवढी लक्षात होती. आईचा चेहरा एकदम उतरला; वाटलं, आता ही उठणार. पण ती त्यांच्या कानाशी वाकली आणि तितक्याच मोठ्यानं म्हणाली, "व्हय, जाते की. आमचं मालक कुटं हरवल्यात, त्यास्नी शोधायला आले. सापडले की लगेच उठते."

अण्णांनी जरा विचार केला. काका मधल्या वाटेत तसेच उभे. मग अण्णा बाकावर थोडे सरकले आणि त्यांनी तिला नीट ऐसपैस जागा करून दिली.

"बसा मग," ते म्हणाले. "मीपण माझ्या बायकोलाच शोधतोय."