सरांनी न कापलेले चार सेकंद

गोहणे सरांना साठ वर्षं झाली म्हणून पुस्तक निघत आहे, त्यात तुमचाही लेख पाहिजे, असं समितीच्या लोकांनी सांगितलं तेव्हा मी विचारलं, प्रोफेसर लोक संपले काय? माझी शाळा तिसरीपर्यंत. सरांच्या हुशारीवर बाकीचे लिहितीलच. ती मला कळत नाही. मला जे कळलं तेवढं लिहिते.

सरांची पहिली ओळख झाली त्या वर्षी राळेगावकडे कापूस माणसाच्या डोक्यावर गेला होता आणि बोंडात अळी होती. फवारणीची माणसं झाडांत बुडून फवारत आणि घरी येऊन ओकत. काही जण दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत. अशा दिवसांत एक चष्मेवाले गृहस्थ आमच्या वस्तीत दारोदार औषधाच्या रिकाम्या बाटल्या पाहायला मागत आले. आम्ही त्या जहराला औषधच म्हणतो. मी म्हटलं, "भंगारवाल्याईनं बी आता गाड्या घेतल्या. तुमी पायी काहून फिरून राह्यले?"

"बाटली नको, आजी. तिच्यावरच्या चिठ्ठीचा फोटो पाहिजे," ते म्हणाले आणि माझ्या ओट्यावर बसले. अक्षर बारीक, म्हणून चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी बाटली नाकाशी धरली. मी ती हिसकून घेतली. "फोटो काढाले आले का मराले?" एवढ्या मोठ्या माणसाला मी पहिल्याच भेटीत असं बोलले. त्यांनी हात धुतले आणि पुढचा फोटो हातभर लांबून काढला.

सर यवतमाळला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी एक ॲप तयार केलं. बाटलीच्या चिठ्ठीचा फोटो काढला की मोबाइल बोलून सांगतो, हे जहर कोणतं, अंगाला लागलं तर काय करायचं, डॉक्टरला काय नाव सांगायचं. हे ॲप त्यांनी कुलूप न लावता ठेवलं. ओपन सोर्स म्हणतात त्याला. आत काय लिहिलं आहे ते कोणीही उघडून पाहावं, सुधारावं, दुसऱ्याला फुकट द्यावं. सापडलेल्या चुकांची यादीसुद्धा सगळ्यांना दिसेल अशी ठेवलेली. मी विचारलं, आपल्या चुका चव्हाट्यावर कोण टांगतो? सर म्हणाले, "लपवली तर दुसरा माणूस तीच चूक करतो, आजी."

त्या ॲपमधला आवाज माझा आहे. सरांच्या कागदावर लिहिलं होतं, 'त्वचेशी संपर्क टाळावा.' मी म्हटलं, असं बोलाल तर आमच्याकडचा माणूस मोबाइल खिशात घालून पंप उचलेल. "अंगाले लागू देऊ नोका," एवढं म्हणा की. सरांनी कागद माझ्याकडे सरकवला. "तुम्हीच म्हणा." पाच वेळा म्हणवून घेतलं. सहाव्यांदा म्हणणार नाही म्हटल्यावर थांबले.

पण ॲप कोणाला ठाऊक नव्हतं. मग एक छोटा व्हिडिओ करून सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवायचं ठरलं. सुषमा नावाची सरांची विद्यार्थिनी कॅमेरा घेऊन आली. फवारणीचं काम दाखवायला माझाच मुलगा प्रल्हाद उभा राहिला, कारण तो रोजीनं तेच काम करत होता. "माय, भांग पाडू काय? पिक्चर काढून राह्यले," असं म्हणून त्यानं डोक्याला पाणी लावलं.

सुषमा म्हणाली, "दादा, कॅमेऱ्याकडे नका पाहू."

"मंग कापसाकडे पाहू? ते तं रोजच पायतो."

मधेच पंपाच्या नळीच्या टोकाचं नोझल चोंदलं. प्रल्हादनं ते काढलं, तोंडाला लावून फुंकलं, परत बसवलं. आमच्याकडे सगळे तसंच करतात. कॅमेरा चालूच होता. सुषमाला ते फार खरं वाटलं, तिनं ठेवलं. सरांनी पाहिलं, मी पाहिलं, विहारात भिंतीवर सगळ्या वस्तीनं पाहिलं. टाळ्या वाजल्या. कोणाच्याही डोळ्याला काही खुपलं नाही.

व्हिडिओ जिल्हाभर फिरला. ॲप घेणारे वाढले. कॉलेजात सरांचा सत्कारही ठरला.

त्याच हंगामात प्रल्हाद पडला. सायंकाळी शेतातून आला तो डोळे चोळत, म्हणाला, "माय, दिवा लाव नं, दिसून नाही राह्यलं." दिवा लागलेलाच होता. दवाखान्यात नेताना मी बाटली पिशवीत टाकली. ॲपनं नाव सांगितलं, ते डॉक्टरांच्या कामी आलं, हे मी लिहिलंच पाहिजे. डॉक्टरांनी विचारलं, "तोंडात गेलं का?" प्रल्हाद नाही म्हणाला. मीही नाही म्हटलं. आम्ही खोटं बोललो नाही. आमच्या डोक्यातच ते नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या रोग्याची बायको मोबाइल घेऊन आली. "बाई, हा तुमचाच पोरगा नं?" मी पाहिलं. पाण्यानं चापून बसवलेले केस, कापूस, पंप. आणि त्यानं ती नळी तोंडाला लावली. मी तिला ते परत दाखवायला लावलं. मग डॉक्टरांना जाऊन सांगितलं. चौथ्या दिवशी प्रल्हाद वारला.

सर भेटायला आले तेव्हा मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. "सर, तुमच्या पिक्चरमधी माहा पोरगा जहर चाटते," म्हटलं. त्यांनी मोबाइल काढून पाहिलं. मग म्हणाले, "चूक माझी आहे, आजी."

"फुंकणं आमचं हाये. पण दाखवलं तुमी."

"हो. दाखवलं मी."

त्यांनी त्याच दिवशी व्हिडिओ काढून घेतला. कॉलेजातले वरचे लोक म्हणाले, चार सेकंद कापा आणि पुन्हा टाका, कोणाला कळणार नाही, ऐन नावारूपाला आलेलं काम बुडवू नका. सरांनी ऐकलं नाही. जुना व्हिडिओ लोकांच्या मोबाइलमध्ये राहणारच, त्यामुळे चूक झाली हे सांगणारा नवा करावा लागेल, असं त्यांचं म्हणणं. सत्कार त्यांनीच रद्द केला. ॲपच्या चुकांच्या यादीत लिहिलं की व्हिडिओत नोझल तोंडाने फुंकलं आहे, ते आमच्या लक्षात आलं नाही.

नव्या व्हिडिओसाठी दुसरा माणूस उभा करायचा त्यांचा विचार होता. मी नाही म्हटलं. प्रल्हादचा चालता-बोलता तेवढाच एक तुकडा आहे. तोच दाखवा, नळी तोंडाला लागली की थांबवा, मी बोलते.

सर म्हणाले, "आजी, हे रोज लोकांच्या मोबाइलवर दिसेल. तुमच्याही."

"मले रोज तसंही दिसते."

आणि मग आमचं भांडण झालं. मला म्हणायचं होतं, 'हा यानंच मेला.' सर म्हणाले, "ते आपल्याला ठाऊक नाही. डॉक्टरांनीही तसं सांगितलेलं नाही. वारा होता, अंगावरचे कपडे भिजलेले होते, तोंडाला फडकं नव्हतं."

"मी माय हाये. मी म्हणतो तं कोण विचारते?"

"म्हणूनच नाही म्हणायचं. तुमचं कोणी तपासणार नाही."

त्या दिवशी मी त्यांना फार वाईट बोलले. दगड म्हटलं. ते बसून राहिले. उठून गेले नाहीत आणि वाक्यही बदललं नाही. शेवटी मी बोलले ते असं: "हा माहा पोरगा प्रल्हाद. नोझल फुंकून राह्यला ते पाहा. असं करू नोका. हा आता नाही. कायनं गेला ते पक्कं माहीत नाही. पण जहर तोंडात गेलं, ते तुमच्या डोयासमोर हाये." सुषमा कॅमेऱ्यामागे रडत होती. मी तिला म्हटलं, हात हलवू नको.

प्रल्हादच्या पुण्यानुमोदनाला सर एसटीनं आले, मागच्या ओळीत बसले, भाषण केलं नाही. जेवणानंतर पत्रावळी उचलायला लागले तेव्हा बायकांनी हातातून काढून घेतल्या.

नव्या व्हिडिओनं जग बदललं असं मी लिहिणार नाही. सरांना आवडणार नाही आणि ते खरंही नाही. फुलसावंगीच्या माझ्या भाचीनं सांगितलं, तिकडे काही जण आता नोझल तारेनं साफ करतात. काही अजून फुंकतात.

मुलाचं मरण लोकांना दाखवा म्हणणारे मला पुष्कळ भेटले. त्यात एक शब्दही जास्तीचा घालू न देणारे सर तेवढे भेटले. माझा त्यांच्यावरचा राग अजून पूर्ण गेलेला नाही, आणि आमच्या घरात त्यांच्याइतका विश्वास दुसऱ्या कोणावर नाही. दोन्ही खरं आहे.

सरांना माझ्या मंगल कामना. आयुष्य मोठं लाभो, हातपाय धड राहोत, छाती साफ राहो. डोळ्यांना मात्र त्यांनी फार जपावं. दर हंगामाला दुकानात नवी बाटली येते, आणि तिच्यावरचं अक्षर मागच्यापेक्षा बारीकच असतं.