पाय दिसले का?

आमच्या साडूभाऊंनी मराठवाड्यातून जितके पक्षी हाकलले, तितके कुठल्या दुष्काळानंही हाकलले नसतील. तेही लातुरात, घरच्या पलंगावर मांडी घालून, मोबाइलवरून. त्यांचा जन्म गेला डाळमिलमध्ये तुरीची प्रत ठरवण्यात. मूठभर दाणे तळहातावर घोळवून व्यापाऱ्याचं तोंड उतरवायचं, ही हातालाच लागलेली सवय. पक्ष्यांचा नाद जुनाच, म्हणून निवृत्तीनंतर पक्षी बघणाऱ्यांच्या एका मंडळानं लातूर-नांदेडकडच्या दुर्मिळ नोंदी तपासायचं काम त्यांना दिलं. पगार नाही, शिव्या मात्र नियमित. कुणी दुर्मिळ पक्षी कळवला, की साडूभाऊ चष्मा पुसतात आणि विचारतात, "पाय दिसले का?"

देगलूरच्या एका मास्तरांनी एकदा ऐन जेवणाच्या वेळी फोन केला. साडूभाऊंनी तो आम्हा सगळ्यांना ऐकवला.

"सर, तळ्यावर सारस हाय! लई मोठा!"

"कशापेक्षा मोठा?"

"बगळ्यापेक्षा."

"शेजारी बगळा होता?"

"न्हाई."

"मग मापला कशाशी? पाय दिसले का?"

"पाण्यात होते, सर."

"पाणी किती खोल होतं?"

मास्तरांनी आठ दिवस तळ्यावर काढून फोटो पाठवला. निघाला चित्रबलाक, कुठल्याही तळ्यावर दिसणारा. तेव्हापासून मास्तर त्यांना 'जज्जसाहेब' म्हणतात आणि चिमणी कळवतानासुद्धा शपथेवर बोलल्यासारखं बोलतात.

घरातही कोर्ट चालूच. दूधवाला येऊन गेला म्हटलं, तर "पाहिला की आवाजावरून?" पुतणीला आलेलं स्थळ उंच आहे म्हटलं, तर "कुणाच्या शेजारी उभा होता?" ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, एकदा म्हणाल्या, "मला बघायला आलात तेव्हा हे खूळ नव्हतं, म्हणून निभावलं. नाहीतर अमान्य करून, पोहे खाऊन गेला असतात!"

आणि मग तो श्रावण आला. औशाच्या अलीकडे एका माळावर सकाळी साडूभाऊ मला घेऊन गेले होते. मी थर्मास उघडला, झाकण निसटलं, ते शोधायला मी वाकलो आणि माझ्या खांद्यात पाच बोटं रुतली. "पाव्हणं!" मी मान वर केली. नुसतं गवत.

साडूभाऊंना दिसला तो तणमोर होता. काळं डोकं, मागे वळलेली तुऱ्याची पिसं, गवतातून उसळला आणि पुन्हा आत पडला. ज्याच्यासाठी साडूभाऊंनी वीस वर्षं माळ तुडवले, तो एवढाच दिसला. कॅमेरा गळ्यात लटकत होता. हाताला त्याची आठवणच झाली नाही. तास दीड तास थांबलो. पुन्हा काही नाही.

घरी आल्यावर त्यांनी स्वतःची नोंद तपासायला घेतली. साक्षीदाराच्या रकान्यापाशी थांबले. "तुम्ही पाहिलात ना, पाव्हणं?"

त्या आवाजात अजिजी होती, जी मी कधी ऐकली नव्हती. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "पाहिला की! ढळढळीत!"

"पाय?"

"पिवळे!" आदल्याच दिवशी त्यांच्या पुस्तकात वाचलं होतं.

साडूभाऊंनी हळूच पेन खाली ठेवलं. "गवत मांडीपर्यंत होतं. उसळला तेव्हा पाय पोटाशी होते. मला दिसले न्हाईत, तुम्हाला झाकण शोधताना दिसले?"

मग त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: फोटो नाही, साक्षीदार नाही. अमान्य.

"अहो, स्वतःचा तरी ठेवा!" ताई कळवळल्या.

"मग देगलूरच्या मास्तरांना काय सांगू?" म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. बराच वेळ पुसत होते.

आता दर श्रावणात आम्ही त्या माळावर जातो. माळ दरवर्षी थोडा आखूड झालेला असतो, नव्या प्लॉटचे दगड पुढे सरकलेले असतात. थर्मास मी घरीच ठेवतो. डोळ्यांत पाणी येईपर्यंत गवताकडे बघतो. इतकं मी बायकोकडेही कधी बघितलं नसेल. गवत हललं की साडूभाऊ माझा खांदा धरतात. बहुतेक वेळा वारा असतो. वारा पडतो, गवत थांबतं. हात मात्र खांद्यावर तसाच राहतो.