ह्यांनी सांभाळलेलं दार

गेल्या महिन्यात घरी आलं ते असं. चाकांची बॅग एक, लेकीने कुरिअरने पाठवलेली. किंमत तिने नखाने खरवडून टाकली होती, पण उरलेल्या कोपऱ्यावरून हजाराच्या वरच. लोकरी मोजे दोन जोड, विमानात गारठा असतो म्हणून. आणि मोबाइलवर हैदराबादची तिकिटं, दोघांची, जाण्यायेण्याची. किती झाले विचारलं तर सायली म्हणाली, "आई, तो आकडा तुझ्या वहीत मावायचा नाही." माझा खर्च एवढाच, गोखिवऱ्याच्या झेरॉक्सवाल्याकडे ती छापून घेतली, वीस रुपये.

आमचे हे ते कागद घेऊन बराच वेळ बसले. मग चष्मा काढून म्हणाले, "अगं, हे तर नवी मुंबईचं विमानतळ."

इथे ह्यांचं थोडं सांगायला हवं. सांताक्रूझच्या जुन्या टर्मिनलवर काचेची दारं आहेत ना, आपोआप सरकणारी, त्यांची देखभाल करणाऱ्या कंत्राटदाराकडे ह्यांची सगळी नोकरी झाली. लोकांसाठी दारं चालती ठेवली, स्वतः कधी विमानात बसले नाहीत. आता ते टर्मिनल पाडून नवं बांधणार असं ऐकतो. निवृत्त झाले त्या दिवशी हे एकदाच बोलले होते, "पडायच्या आधी एकदा त्या दारातून प्रवासी म्हणून जायचंय." लेकीला ते माहीत नव्हतं.

"बदलून घ्यायचं का?" मी विचारलं.

"नको. पोरीने हौसेने काढलंय. दार काय, सगळीकडे दारच."

मी वाळवण बघायच्या निमित्ताने गच्चीवर गेले आणि सायलीला फोन लावला. "जातानाचं राहू दे. परतीचं जुन्या टर्मिनलचं मिळतं का बघ. फरक मी देईन."

"तू देणार? आई, बरं आहे ना तुला?" मग कारण ऐकून ती म्हणाली, "बघते. पण हल्ली टर्मिनलं बदलत असतात. बाबांना आधी काही सांगू नकोस."

वसईहून नव्या विमानतळाला जाणाऱ्यांसाठी सांगते. टॅक्सीवाल्याचा आकडा ऐकून मी देवाचं नाव घेतलं. आम्ही वसई रोडहून पनवेलची मेमू धरली. गाड्या मोजक्याच आहेत, वेळ आधी बघून ठेवा. पण बसायला मिळतं, आणि कामणच्या पुढे डोंगर अगदी खिडकीशी येतात. मग भिवंडीची गोदामं, मग दिवा. डब्यात घावन आणि लसणीची चटणी होती. पनवेलला रिक्षा, बसायच्या आधी भाडं ठरवा, उतरल्यावर बोलून उपयोग नाही.

नवं विमानतळ खरंच बघण्यासारखं आहे. खांब वर जाऊन कमळासारखे उमलतात. मी मान वर करून बघत होते आणि हे खाली.

"अहो, छत बघा केवढं सुंदर."

"बघतो." चारपाच माणसं दारातून जाऊ दिली, दार सरकताना कान दिला. "आवाजच नाही गं. चांगलं काम आहे," म्हणाले. शेजारणीच्या मुलाचा पहिला नंबर आला की आपण बोलतो ना, त्या आवाजात.

तपासणीला पर्समधला करंडा निघाला. तिथल्या मुलीने विचारलं, "मावशी, ये क्या है?"

"कुंकू आहे. लावू?"

ती हसली. ड्युटीवर होती, कपाळ पुढे करता येईना; पण करंडा दोन्ही हातांनी परत दिला. आत चहाचा भाव वाचून आम्ही एकच घेतला, अर्धा अर्धा.

हैदराबादला चार दिवस लेकीच्या हातचं खाल्लं. देवदर्शन झालं. किल्ला खालूनच पाहिला, वर चढायला गुडघे नाहीत.

येताना विमानात मी सारखी रामरक्षा म्हणत होते. हे म्हणाले, "अगं, घाबरू नकोस, जाताना नाही का पोचलो सुखरूप?" मला धास्ती होती ती टर्मिनल ऐनवेळी बदलण्याची; रामरक्षा पुन्हा पहिल्यापासून धरली. चाकं टेकली आणि विमानातल्या मुलीने माइकवरून सांगायला सुरुवात केली.

"काय म्हणाली?" ह्यांनी विचारलं.

"टर्मिनल एक म्हणाली. तुमचं."

हे खिडकीबाहेर बघत राहिले. मग खिशातून कंगवा काढून केस विंचरले.

बॅग घेऊन बाहेरच्या दाराशी आलो. दार सरकलं आणि हे बरोबर मधोमध थांबले. मागून एक तरुण म्हणाला, "काका, चला ना पुढे, बंद होईल."

"नाही होणार. माणूस उभा असेल तर मिटत नाही ते." त्याला वाट दिली, पण स्वतः हलले नाहीत.

जागा कायमची सोडताना उंबरठ्याला हळदकुंकू लावायचं, ही आमच्याकडची रीत. आचोळ्याची भाड्याची खोली सोडली तेव्हाही लावलं होतं. इथे तर सगळी सपाट फरशी. "अहो, लावू कुठे?"

ह्यांनी बोटाने दाराखालची लोखंडी पन्हळ दाखवली. "हा उंबरठा. रोज सकाळी ह्यातली खडी आणि चॉकलेटचे कागद काढायचो."

मी वाकून दोन बोटं टेकवली. शिपाई लगबगीने आला. "मावशी, काय सांडलं?"

"सांडलं नाही बाबा, पाया पडले."

त्याने खाली बघितलं, मग ह्यांच्याकडे. "पुसावं लागेल हां," म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला.

"पुसा की," हे म्हणाले. "फक्त फडका कोरडा घ्या. पन्हळीत पाणी गेलं की दाराचं चाक गंजून धरतं."

घरी येऊन हिशेब लिहिला. परतीच्या फरकाचे पैसे सायली घेईना, म्हणून तिच्या देवघरात ठेवून आले होते. वहीत ते देवदर्शनाच्या खर्चात मांडले. मला तिथे काही खोटं वाटलं नाही.

एक राहूनच गेलं. ते दार पूर्ण मिटताना शेवटी हलकंसं "टक्" करायचं म्हणे, आणि ते ऐकल्याशिवाय हे कधी घरी निघायचे नाहीत. त्या दिवशी माझ्या कुंकवाच्या गडबडीत ऐकायचं राहिलं. तुमच्यापैकी कुणी ते टर्मिनल पडायच्या आधी तिथे उतरलात, तर बाहेर आल्यावर जरा थांबा. दार मिटू द्या. वाजलं का ते मला उलट टपाली कळवा. हे स्वतः विचारायचे नाहीत.