चिचुंद्र्यांचं नातं

चिचुंद्र्यांवर संशोधन करणाऱ्या बाईंना सगळी प्रयोगशाळा पाठीमागे 'चिचुंद्रीबाई' म्हणायची. आपलंही नाक लांबच, असं म्हणून बाई सोडून देत.

डोंगरातली, शेतातली आणि नदीकाठची अशा तीन जातींची वंशावळ त्या लावत होत्या. पहिल्या दोघी सख्ख्या बहिणी, तिसरी चुलत, असं त्यांनी भर सभेत सांगूनही टाकलं होतं. पुढे आणखी जनुकं तपासली, तर त्यांतली कित्येक भलतंच बोलू लागली. काही म्हणत, शेतातली नदीकाठच्या जातीची बहीण. काहींचं तिसरंच, डोंगरातली नदीकाठच्या जातीची.

बाईंच्या तोंडची चवच गेली. नळ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून सगळे नमुने पुन्हा तपासले. उत्तर तेच.

"न जुळणारी जनुकं गाळा आणि लेख पाठवा," विभागप्रमुख म्हणाले.

रविवारी जेवताना धाकट्या दिराने संधी साधली. "म्हणजे वहिनी, सगळ्यांचा पूर्वज एकच, ही तुमची गोष्ट निकालात निघाली की!"

"तुझं नाक मामांवर गेलंय, ह्यांचं मामंजींवर. म्हणून तुम्ही सख्खे भाऊ नाही?"

नवरा खो खो हसला. बाईंचा घास मात्र हातातच राहिला. बोलून तर गेल्या, पण ही पूर्वजाकडच्या जनुकांच्या वाटणीतली नुसती लहर असेल, तर विरोधातले दोन्ही गट साधारण सारखे भरायला हवेत. ताट तसंच ठेवून त्या प्रयोगशाळेत पळाल्या.

गट सारखे नव्हते. शेत आणि नदीचं नातं सांगणारा गट चांगलाच जड होता.

बाई खोलीभर येरझारा घालत राहिल्या. वेगळ्या झाल्यावरही या दोघींचा संकर होत राहिला असेल तर? मग जिथे शेत नदीला भिडतं, तिथल्या चिचुंद्र्यांत अशी जनुकं जास्त सापडतील. महिनाभर त्या चिखल तुडवत हिंडल्या, सीमेवरचे आणि सीमेपासून दूरचे असे दोन्हीकडचे नमुने आणले. तसंच निघालं. शिवाय परक्या घरातल्या उंदराशी ताडून पाहिलं, तर जवळपास प्रत्येक जनुक तिघींना एकाच घरातल्या ठरवत होतं. भांडण घरातलं होतं. घर शाबूत होतं.

त्यांनी एकही जनुक न गाळता लेख लिहिला.

"सरळ झाड कुठाय यात?" प्रमुख चिडले.

"नाहीच सरळ, सर. फांद्या एकमेकींत गुंतल्यात."

प्रमुखांनी लेखावरून स्वतःचं नाव काढून घेतलं. बाईंना वाईट वाटलं, पण लेख गेला आणि छापूनही आला. दिराने पेढे मागितले, तेव्हा बाई घरी नव्हत्या. दलदलीतली चौथी जात कुठे बसते, ते त्यांना स्वस्थ बसू देत नव्हतं.