वाढत्या अंगाचा कोट

माझ्या आत्याला खोटं बोलता येत नाही. हा गुण ऐकायला बरा वाटतो, पण दुकानात त्याचा फार ताप होतो. लोक आजोबांचा लष्करी कोट छातीशी धरून येतात, आणि ही बाई डोळ्याला भिंग लावून शांतपणे सांगते, "हा शिवला तेव्हा तुमचे आजोबा पेन्शन घेत होते." मग त्यांना खुर्ची आणि पाणी द्यायला मी असतेच.

मूळची ती रफूवाली. तीस वर्षं कसर लागलेले लोकरी कोट दुरुस्त करता करता तिला त्यांची अशी जाण आली, की आता संग्रहालयवालेसुद्धा विचारायला येतात. कोट आला की ती आधी उलटा करते. अस्तर, खिशातला शिक्का, बटणांची मागची बाजू बघते. शिवणीतला एक धागा ओढून काडीने पेटवते. सुती असेल तर राख होते, नायलॉनचा असेल तर वितळून मणी होतो. मणी झाला की कोट अलीकडचा, नाहीतर मागाहून उसवून शिवलेला. हा नाद तिला कुठे सुटत नाही. एका लग्नात तिने नवरदेवाच्या काकांची कॉलर उलटून बघितली होती. त्या घरातून आम्हाला परत बोलावणं आलं नाही.

परवा आमच्या गल्लीतले निवृत्त पोस्टमनकाका आले. कागदात गुंडाळलेला, डांबरगोळ्यांचा वास मारणारा कोट त्यांनी दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला.

"बाबांचा," ते म्हणाले. "लढाईतला. उद्या जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनात लावणार आहेत, पण जाणकाराची चिठ्ठी मागतात. साल काय, लेबलावरच आहे, चव्वेचाळीस."

आत्याने लेबल बघितलं. मी टेबलाखालून तिला पाय मारला. उपयोग शून्य.

"चव्वेचाळीस हे छातीचं माप आहे, काका. साल इथे असतं." तिने खिसा उलटा केला. शिक्का एकावन्नचा होता. "तोवर लढाई संपून सहा वर्षं झाली होती."

काकांचा चेहरा उतरला, पण त्यांनी माघार घेतली नाही. "असेल. पण त्या शिक्क्याशेजारी सतरा आहे ना? तो बाबांचा पलटणीतला नंबर. त्यांच्या डब्यावर, छत्रीवर, सगळीकडे सतरा असायचा."

"हा पलटणीचे कोट बनवणाऱ्या कारखान्यातल्या शिवणाऱ्याचा नंबर," आत्या म्हणाली. "शिवण चुकली तर कोणाचा कान धरायचा ते कळावं म्हणून. आणि पलटणीने घेतलेल्या कोटावर पास झाल्याचा शिक्का असतो, तो इथे नाही. हा खिसा बघा, बोटभर तिरका आहे. नापास झालेला माल कामगारांना देऊन टाकायचे."

काका खुर्चीत बसले. "आई सांगायची, बाबा पलटणीच्या कामाला होते. मी ते आपलं..." त्यांनी कोटाची बाही सरळ केली. "आयुष्यभर सांगत आलोय हो, माझा बाप सैनिक होता म्हणून."

मला आत्याचा असा राग आला, की ते भिंग हिसकावून नाल्यात फेकावं. सत्तरीच्या माणसाचा बाप एका दुपारीत काढून घ्यायचा म्हणजे काय? पण आत्या अजून कोटच चाचपत होती.

"बाबांची अंगकाठी कशी होती?"

"काडी होते. छत्तीससुद्धा भरली नसती."

"मग चव्वेचाळीसचा कशाला घेतला? आणि तुम्ही तेव्हा केवढे होता?"

"पाच वर्षांचा. ट्रंकेत ठेवताना मला म्हणाले होते, मोठा झालास की घाल." काका ओशाळं हसले. "मला वाटलं, सैनिकाचा कोट घालण्याइतका मोठा. मी टपाल वाटणारा माणूस. कधी अंगाला लावला नाही."

"अहो काका," आत्या म्हणाली, "वाढत्या अंगाचा घेतलाय तो."

आत्या शिवणींवरून बोट फिरवत होती. "या सतरा नंबरच्या हातचा एक टाका इकडचा तिकडे नाही. एवढा खिसाच तिरका. हे मी चिठ्ठीवर लिहू शकत नाही, पुरावा नाही. पण माझ्या मनाने विचाराल, तर हा खिसा चुकलेला नाही. चुकवलाय, नापास व्हावा म्हणून."

भिंगाबाहेरचं काही बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं.

काका उठले आणि कोट अंगात घातला. खांदे बसले, बाह्या मनगटाशी आल्या. फक्त पोटावरचं बटण हट्टाला पेटलं होतं. "सरकवून देऊ?" आत्याने विचारलं. ते मानेनेच नको म्हणाले. डोळे पुसायला त्यांनी खिशात हात घातला, तर तिथे डांबरगोळीच लागली, आणि आम्ही तिघंही हसलो.

दुसऱ्या दिवशी मी प्रदर्शनात गेले. कोट टांगायचा खिळा रिकामा होता. पाटीवरचं 'सैनिकाचा कोट' खोडून खाली पाकिटावरच्या पत्त्यासारख्या ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'माझ्या बाबांनी शिवला. मला.' आणि काका स्वतः कोट घालून पाटीशेजारी उभे होते, येईल त्याला तो तिरका खिसा दाखवत.