दसऱ्याला वणी, चार उलटे गियर

नाशिकहून वणीला एका दिवसात जाऊन येता येतं का, असं वाचक मला अधूनमधून विचारतात. येतं की. एसटीने गेलात तर जेवायला घरी परत. पण तुमच्याकडे जुनी, लाल, दोन सीटची इटालियन स्पोर्ट्स कार असेल आणि ती नाशिकच्या दोन नामांकित तज्ज्ञांनी दुरुस्त केलेली असेल, तर डबा जास्तीचा घ्या आणि मानेला लावायला बाम ठेवा. ऐंशीच्या दशकातल्या एका दसऱ्याला आम्ही हा प्रवास केला. तेव्हा मी नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते आणि पंचवटीत मामा-मामींकडे राहत होते.

गाडी मामांची. देवळालीतला एक बंगला रिकामा होत होता, तिथल्या आवारात ती कोंबड्यांच्या ताब्यात होती. मामा सरकारी कचेरीत कारकून. काम काय, तर साहेब लोकांच्या प्रवासभत्त्याची बिलं तपासायची. अर्धी नोकरी त्यांनी इतरांचे दौरे तपासण्यात घालवली होती आणि स्वतः शिर्डीच्या पुढे गेले नव्हते. ती गाडी बघितली आणि त्यांचा जीव तिच्यात अडकला. ‘एकदा, फक्त एकदा, हिच्यात बसून कुठेतरी जायचंय गं,’ असं ते मला म्हणाले होते. तेव्हा मला हसू आलं होतं. आता येत नाही.

गाडी आमच्या अंगणात आली आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिली. मामींची फुलझाडं गेली, पापड वाळत घालायची जागा गेली, शेवटी संयम गेला.

“दसऱ्याला वणीच्या देवीला जाऊ,” त्यांनी निकाल दिला. “गाडी स्वतःच्या जोरावर गेली आणि स्वतःच्या जोरावर परत आली, तर राहील. दोरी बांधावी लागली, तर दुसऱ्या दिवशी बोराडेशेठ घेऊन जातील.”

बोराडेशेठ म्हणजे भंगारवाले. माणूस इतका सज्जन, की गाडीची तब्येत विचारायला ते दर महिन्याला चहाला येत.

मग मामांनी तज्ज्ञांना घाई केली. पहिले तज्ज्ञ नाशिकच्याच द्वारका चौकातले इस्माईलभाई. आग्रा रोडवरचे निम्मे ट्रक त्यांच्या हाताखालून गेलेले. दुसरे साळवेसाहेब, ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. एकाला गाडी ट्रकपेक्षा लहान म्हणून सोपी वाटत होती, दुसऱ्याला विमानापेक्षा खाली म्हणून. दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं, ते म्हणजे इटलीवाल्यांना गाडी बनवता येत नाही.

तेव्हा त्यांनी ती सुधारली. गतिरोधकांना घासते म्हणून इस्माईलभाईंनी खाली ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे बसवले, आणि गाडी एखाद्या शेळीने मागच्या पायांवर उभं राहून पाला खावा तशी दिसू लागली. साळवेसाहेबांनी प्रत्येक नटाला तारेने बांधून टाकलं, कारण हवेत असताना नट सुटला तर काय करणार? गाडी हवेत जाणार नाही, हे त्यांना सांगायची कोणाची हिंमत नव्हती.

खरा घोळ गियरबॉक्समध्ये झाला. गाडीबरोबर इटालियन पुस्तक होतं. मजकूर कोणालाच कळत नव्हता, म्हणून सगळी भिस्त चित्रांवर. इंजिन मागे असल्यामुळे ती चित्रं गाडीच्या मागे उभं राहून काढलेली होती. आमचे दोघं जन्मभर इंजिनाकडे पुढून बघत आलेले. पुस्तकातलं डावं त्यांनी उजवीकडे बसवलं, आणि चाकं फिरवणारं मोठं दातेरी चक्र, ज्याला ते क्राऊन म्हणत, उलट्या बाजूला गेलं.

हे कळलं दसऱ्याच्या सकाळी. गाडीला झेंडूच्या माळा घातलेल्या, मामी नऊवारीत, मामा टोपी घालून स्टिअरिंगवर. त्यांनी पहिला गियर टाकला आणि गाडी सरळ मागे जाऊन हौदाला धडकली. दुसरा टाकला, पुन्हा हौद.

“साहेब, आपने उलटा बसवला,” इस्माईलभाई म्हणाले.

“मी ड्रॉइंगप्रमाणे सांगितलं. तुम्ही बसवलं,” साळवेसाहेब म्हणाले.

थोड्या शोधानंतर निष्पन्न झालं ते असं: गाडीला मागे जायला चार गियर होते आणि पुढे जायला एक, ज्याच्यावर रिव्हर्स लिहिलं होतं. सगळं पुन्हा उघडायचं तर दिवाळी उजाडली असती.

“पुढे जाते ना? मग चला,” मामी म्हणाल्या. सोबत येणाऱ्या इस्माईलभाईंच्या टेम्पोत ठेवलेली ओढायची दोरी त्यांनी उचलली आणि मांडीवर घेऊन गाडीत बसल्या. “ही माझ्याकडे राहील. मधे कोणी लबाडी केलेली चालणार नाही.”

रस्त्याबद्दल सांगायचं तर वणीला दिंडोरीवरून जाणं जवळचं. पण साळवेसाहेबांना ओझरच्या जुन्या सहकाऱ्यांना गाडी दाखवायची होती, म्हणून आम्ही आग्रा रोडने निघालो. पुढे मामा-मामी, मागे इस्माईलभाईंच्या टेम्पोत मी आणि दोन्ही तज्ज्ञ. त्या एका गियरमध्ये गाडी रडका आवाज काढत चालायची. एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं. त्याच्या कॅरिअरवर कडब्याची पेंढी होती. ओझरच्या फाट्यावर सहकारी उभे होते. त्यांनी गाडी नीट बघितली आणि साळवेसाहेबांना निवृत्ती मानवली का, एवढंच विचारलं.

पिंपळगावला मिसळ खा. तर्री वेगळी मागा, नाहीतर पुढच्या प्रवासात पश्चात्ताप होतो. आमची मिसळ संपली, मामा गाडीत बसले, कडकड असा आवाज झाला आणि तो एकुलता एक पुढचा गियर गेला.

मामांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मामींचा हात दोरीवर गेला. मला त्या माणसाची दया आली. साळवेसाहेब रुमालाला हात पुसत होते. इस्माईलभाई गाडीखालून बाहेर आले, ते मात्र हसत.

“भाऊसाहेब, चार गियर शाबूत आहेत. एकदम मख्खन.”

“पण ते मागे जायचे ना?”

“तो गाडी फिरवून घ्या. रस्त्याला काय कळतंय?”

हा सल्ला कोणत्याही प्रवासी पुस्तकात नाही, म्हणून मुद्दाम देतेय. गाडी वणीकडे पाठ करून उभी केली. टेम्पो तिच्या पाठीमागे, म्हणजे आता पुढे, लावला. टेम्पोच्या हौद्यात साळवेसाहेब गाडीकडे तोंड करून उभे राहिले. दोन हातांत झेंडूच्या दोन माळा. विमानाला जागेवर आणताना जशा खुणा करतात, तशा त्यांनी सुरू केल्या. मामांनी मान पूर्ण मागे वळवली, टोपी मामींकडे दिली आणि निघाले. पहिला, दुसरा, तिसरा! कडब्याच्या पेंढीवाला पुन्हा दिसला. या वेळी आम्ही त्याला मागे टाकलं, आणि मामा त्याच्याकडे बघून ओरडले, “अच्छा!” इतक्या मोठ्याने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

वणीच्या वाटेवर एका हवालदाराने अडवलं.

“तोंड पुढं करून चालवा.”

“ती ऐकत नाही हो,” मामा म्हणाले.

हवालदाराने गाडीला दोन प्रदक्षिणा घातल्या. “पुढची पाटी मागं, मागची पुढं. आता मी कोणता नंबर लिहू? जाऊ द्या, सणाचा दिवस हाय. पण हार्न मात्र मागच्यांना ऐकू जातोय, पुढचे मरतील.” मग मी टेम्पोच्या खिडकीतून थाळी वाजवायला सुरुवात केली.

ऑक्टोबर छाटणी होऊन द्राक्षबागा उघड्या पडल्या होत्या. माणसं कात्र्या खाली ठेवून बांधावर येत होती. “आरं, लय येगळी गाडी हाय, मागं पळती!” एवढ्या कौतुकाने तर कोणी पुढे जाणाऱ्या गाडीकडे बघत नाही. फक्त मामी खट्टू होत्या. चहाला थांबलो तेव्हा म्हणाल्या, “देवीला जायचं आणि सगळी वाट तिच्याकडे पाठ करून. हे काही मला बरं वाटत नाही.”

वणीत गावातल्या देवीच्या देवळापाशी गर्दी होती, पण आमच्यासाठी आपोआप वाट झाली. गुरवांनी एकच प्रश्न विचारला, “इंजिन कुठं हाय?” मागे, असं सांगितल्यावर ते समाधानाने मान हलवू लागले. “मग बराबर उलटी आणली. यंत्राचं तोंड देवीकडं पायजे.” दोन्ही तज्ज्ञांनी एकमेकांकडे बघितलं. नंतर दोघांनीही मला स्वतंत्रपणे सांगितलं, की क्राऊन त्यांनी म्हणूनच तसा बसवला होता.

स्वस्तिक इंजिनाच्या झाकणावर काढलं. लिंबं पुढच्या चाकांखाली ठेवायची असतात, पण पुढची कोणती यावर वाद झाल्याने मामींनी चारही चाकांखाली ठेवली. दर्शन घेऊन गाभाऱ्यातून निघताना त्या, सगळे करतात तसं, देवीकडे पाठ न करता चार पावलं मागे मागे आल्या आणि मग वळल्या.

परतीला दिंडोरीचा रस्ता धरला. ऊन कलतं होतं. पुढे टेम्पो, टेम्पोत माळा हलवणारे साळवेसाहेब, त्यांच्यामागे उलटी पळणारी लाल गाडी. मामी समोरच्या काचेतून बघत बसल्या होत्या. दिंडोरीला मी त्यांना चुरमुऱ्यांच्या भत्त्याचा पुडा द्यायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला.

“बघ,” त्या म्हणाल्या. काचेतून दूर देवीचा, सप्तशृंगीचा डोंगर दिसत होता. “निघाल्यापासून समोर आहे. देवळातून आपण चार पावलं उलटं चालतो आणि पाठ फिरवतोच. आज फिरवावी नाही लागली.” त्यांचे डोळे भरून आले होते. मामांना हे दिसलं नाही, कारण त्यांची मान दुसरीकडे होती.

म्हसरूळ ओलांडलं, पंचवटी आली, आणि आमच्या गल्लीच्या चढावर जळका वास सुटला. क्लच गेला. गाडी थांबली. घर समोर दिसत होतं. अंगणाच्या कट्ट्यावर हातात आपट्याची पानं घेऊन बोराडेशेठ बसले होते. सोनं द्यायला आलो, असं ते म्हणाले, पण नजर गाडीवर होती.

इस्माईलभाईंनी टेम्पो मागे घेतला. मामा हळूच म्हणाले, “दे ती दोरी. ठरलं ते ठरलं.” मान वाकडीच राहिली होती, त्यामुळे हे त्यांना खिडकीबाहेर बघून म्हणावं लागलं.

मामी उतरल्या. दोरी खांद्यावर टाकली, पदर खोचला, गाडीच्या नाकाशी गेल्या आणि दोन्ही हात लावले.

“अगं, पण आपलं ठरलं होतं...”

“बोलू नका. स्टिअरिंग सांभाळा.” मग कट्ट्याकडे वळून, “शेठ, सोनं द्यायला आलात ना? मग हात लावा!”

बोराडेशेठनी पानं खिशात घातली आणि लावला हात. एकीकडे ते, एकीकडे मामी, मधे मी आणि दोन्ही तज्ज्ञ. तज्ज्ञ ढकलतानाही कोन कोणता असावा यावर भांडत होते. गाडी उलटीच अंगणात शिरली आणि हौदाला टेकून थांबली.

त्यानंतर ती कधी चालली नाही. मामांची मान आठवड्याने सरळ झाली. तज्ज्ञांनी पुन्हा गियरबॉक्स उघडायची तयारी दाखवली, मामांनी हात जोडले. संध्याकाळी कचेरीतून आले की ते थोडा वेळ गाडीत बसत. पुढे पुढे मामीही चहाचे दोन कप घेऊन शेजारी बसायला लागल्या. काचेतून समोर शेजाऱ्यांची भिंत दिसायची.

त्या प्रवासातलं माझ्याकडे काय उरलं, असं विचाराल तर वणीचा रस्ता मला आजही उलटाच आठवतो. आणि ती दोरी अजून आहे. मामींनी तिचं एक टोक पारिजातकाला आणि दुसरं गाडीच्या आरशाला बांधून घेतलं होतं, आणि गाडी हलवायची नाही, माझे कपडे पडतील, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला बजावून सांगत.