डिंकावरचे ठिपके

थोरला भाऊ गेला त्या वर्षी आमच्या डोंबिवलीच्या घरापुढे रांगोळी निघाली नाही. वर्ष सरेपर्यंत दाराशी रांगोळी नाही, सणाचे काही नाही, ही रीत. रविवारच्या चित्रकलेच्या वर्गाला मात्र आईने मला जाऊ दिले. शेजारणी त्यावरून बोलत होत्या. "पेन्सिलीनं काय ते काढ. शोभेचं काही दिसलं तर वर्ग बंद," एवढेच ती म्हणाली. वर्ग फार आवडत होता असे नाही. आठवड्यातून तेवढा वेळ मी त्या घरात नसे.

वर्ग शाळेच्या एका खोलीत भरे. एका रविवारी मास्तरांनी पेन्सिली आणि कुंचले काढून घेतले. तपकिरी कागदांवर डिंकाचे पाणी फासले आणि गेरू, नीळ, चुना यांच्या कोरड्या पुडी वाट्यांत भरून मधोमध ठेवल्या.

"चित्र काढायचं नाही. नुसत्या खुणा करा. हात जाईल तिकडे जाऊ द्या."

कुणी काथ्या फिरवला, कुणी कंगवा. मी चिमटीत चुना घेतला. काही ठरवले नव्हते. पाहिले तेव्हा ओळीने ठिपके पडले होते आणि निम्मे जोडूनही झाले होते.

"अगं, तुझी दिवाळी एवढ्यात?" पलीकडच्या कोपर स्टेशनाहून येणारी मुलगी हसली. तिला आमच्या घरचे ठाऊक नव्हते. मी तळव्याने पुसू लागले. डिंक धरत आला होता. चुना थोडा फरपटला, बाकीचे ठिपके तसेच राहिले.

त्या दिवशी आई बाजारातून परस्पर मला न्यायला आली. माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"हे पुसत नाही का?" तिने मास्तरांना विचारले.

"नाही, बाई. डिंक आहे. वाळला की कायमचं."

ती कागदाकडे पाहत राहिली. रांगोळी दुसऱ्या दिवशी झाडून टाकायची, एवढेच तिला माहीत होते.

"घरी आणू नकोस," ती मला म्हणाली.

"आणि वर्ग?"

"वर्गाला जा. हे इथंच राहू दे."

घराशी आल्यावर तिने मला उंबऱ्याबाहेर थांबवले आणि आतून पाण्याचा तांब्या आणला.

"पांढरं आत नको."

तिने पाणी ओतले. नखांतला चुना निघेना. ती दुसरा तांब्या आणायला गेली. मी हात पुढे धरून उभी राहिले.